पुलाला लटकलेले मास्तर

जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळचे अकरा. ठिकाण औरंगपुऱ्यातला लग्नपत्रिकांचा छापखाना. रक्कम पाच हजार चारशे रुपये, दोनशे प्रतींसाठी, कागद धरून. हजर होतो आम्ही तिघं, म्हणजे मी, आमचा गायक आणि आमचा चित्रकार. शिवाय छापखान्याच्या मालकीणबाई. मास्तर हजर नव्हते. बोलणं त्यांच्याबद्दलच होतं, म्हणून त्यांना मुद्दाम कळवलं नव्हतं.

बाईंनी आकडा कागदावर लिहून माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "रकमेचं काही नाही हो दादा. पण आत्ता? संक्रांत झाली की मुहूर्तावर मुहूर्त आहेत. सासरे सांगायचे, तुमचं पुस्तक मुहूर्तात कधी निघालंच नाही म्हणून."

सासरे बरोबर सांगायचे. ते का, हे सांगायचं तर सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं मागं जावं लागेल.

तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि आम्ही तिघं कॉलेजात होतो. आमचा एक रॉक बँड होता. गायक गिटार वाजवत गायचा, चित्रकार ड्रम वाजवायचा आणि मी बेस गिटार. मला चार सूर नीट वाजवता येत होते. त्यामुळं आमचं स्वतःचं जे एकमेव गाणं होतं, तेही चार सुरांचं होतं. बँडचं नाव होतं 'गरम पत्रे', कारण आम्ही पत्र्याखाली वाजवायचो आणि पत्रे गरम असायचे.

ते पत्रे मास्तरांचे. मास्तर म्हणजे लग्नाच्या बँडपार्टीचे मालक. औरंगपुऱ्यातल्या एका बोळात त्यांचं दुकान होतं. पुढच्या बाजूला लाल कोट आणि सोनेरी गोंडे टांगलेले, मागं ढोल-ताशे ठेवायची पत्र्याची खोली. स्वतः ते क्लॅरोनेट वाजवायचे. आमच्या घरी कुणी ड्रम वाजवू देईना, तेव्हा गायकानं त्यांना खोली मागितली. मास्तर म्हणाले, "मुहूर्त असले की माझं सामान. मुहूर्त नसले की तुमचं. पंचांग बघून येत जा."

म्हणजे आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत खोली आमची. त्यातले गणपतीचे दहा दिवस वजा, तेव्हा मास्तरांना काम असायचं. जगात दुसरा एखादा रॉक बँड पंचांग बघून तालमीला जात असेल असं मला वाटत नाही. आमच्या भिंतीवर मात्र पंचांगाचंच कॅलेंडर होतं आणि एकादशीवर लाल गोल केलेला होता.

कॉमिक काढायची कल्पना चित्रकाराची. गाणं एकच असल्यामुळं कार्यक्रम मिळत नव्हते. तो म्हणाला, "आपण वाजवून प्रसिद्ध होणार नाही. निदान चित्रात होऊ." त्यानं एका कॉमिकची मालिका सुरू केली. नायक आम्ही तिघं. गायकाला त्यानं केस दिले, जे खऱ्या आयुष्यात तेव्हाच कमी व्हायला लागले होते. मला चष्मा आणि खिशाला पेन दिलं. मी म्हणालो, "रॉकवाल्याच्या खिशाला पेन?" तो म्हणाला, "तुझं आहे म्हणून काढलं. नसतं तर काढलं नसतं."

खलनायक होते मास्तर. नाव दिलं नव्हतं, पण लाल कोट, सोनेरी गोंडे, वळलेल्या मिशा आणि हातात क्लॅरोनेट. त्या क्लॅरोनेटची जादू अशी की ती ऐकली की माणूस आपलं गाणं विसरतो आणि वरातीत नाचायला लागतो. शहरातले सगळे बँड त्यानं असेच संपवलेले. उरलो होतो आम्ही तिघं.

छापणार कुठं? मोठे ऑफसेटवाले आमच्याशी नीट बोलेनात. मास्तरच आम्हाला बोळाच्या तोंडाशी असलेल्या पत्रिकांच्या छापखान्यात घेऊन गेले. मुहूर्त नसले की तेही मोकळे. मालक, म्हणजे या बाईंचे सासरे, म्हणाले, "हंगाम नसताना मशीन गंजतं. त्यापेक्षा तुमची भुतं छापू." कव्हरसाठी त्यांनी उरलेल्या पत्रिकांचा जाड कागद दिला. त्यावर आधीच कोयऱ्यांची नक्षी उठवलेली होती. त्यामुळं पहिल्या अंकाच्या कव्हरवर गायक गिटार घेऊन उडी मारतोय आणि त्याच्या पोटावर कोयरी.

मागच्या कव्हरवर तर कमाल झाली. त्या काळी मजकुराच्या पट्ट्या कापून कागदावर चिकटवायच्या आणि मग त्याची प्लेट करायची. हंगामातल्या शेवटच्या पत्रिकेची एक पट्टी टेबलावर राहिली होती, ती आमच्या पानाला चिकटली. दोनशेच्या दोनशे प्रती छापून झाल्यावर लक्षात आलं. रॉक बँडच्या कॉमिकच्या मागं, बाळबोध अक्षरात छापलेलं होतं: "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!"

गायक छापखान्यातच खाली बसला. मालक म्हणाले, "दुसरीकडं छापलं असतं तर एवढं प्रेमानं कुणी बोलावलं असतं का?" पुढच्या प्रत्येक अंकावर चित्रकारानं ती ओळ स्वतःहून ठेवली.

किंमत पाच रुपये. कॉलेजच्या फाटकासमोरच्या चहावाल्याकडं गठ्ठा ठेवायचो. निम्म्या प्रती विकल्या जायच्या, बाकीच्या वाटल्या जायच्या. पण रोख पाच रुपये देऊन पहिली प्रत घेणारं गिऱ्हाईक ठरलेलं होतं, आणि ते म्हणजे मास्तर. पहिला अंक लपवून ठेवायचा आमचा विचार होता, पण त्यांच्याच खोलीत गठ्ठा ठेवल्यावर काय लपणार? त्यांनी एका जागी बसून सगळा वाचला. आम्ही तिघं दाराशी उभे.

"हा मी का?"

गायकानं चित्रकाराकडं बोट दाखवलं.

"मिशा बारीक काढल्या राव. मिशीला मी तूप लावतो." मग खिशातून पाचाचं नाणं काढून चित्रकाराच्या हातावर ठेवलं. "घे. मी फुकट वाचत नाय. पण एक सांगतो, मला लढाईत हरवायचं तर नीट हरवा. असं पाय घसरून पडलो वगैरे नको."

पुढच्या अंकापासून मिशा जाड झाल्या.

पहिल्या वर्षी एकच अंक, मग दरसाल दोन, एक गणपतीआधी, एक गणपतीनंतर. असे पाच निघाले. पाचव्याचा शेवट दौलताबादच्या किल्ल्यावर होता. खंदकावरच्या पुलावर लढाई होते, पुलाची फळी तुटते आणि मास्तर एका हातानं पुलाला लटकतात. दुसऱ्या हातात क्लॅरोनेट. वर यायचं तर दोन्ही हात हवेत, म्हणजे क्लॅरोनेट सोडायला हवी. सोडली तर ते मास्तर राहत नाहीत. शेवटच्या चौकटीत खाली खंदकाचं काळं पाणी आणि ओळ: पुढील अंकात पाहा.

पुढील अंक निघाला नाही. भांडण झालं नाही, कुणी कुणाला सोडून गेलं नाही. झालं एवढंच की चौथ्या वर्षी चातुर्मासातसुद्धा मुहूर्त आले. अडचणीतल्या लोकांसाठी पंचांगात गौणकाळातले मुहूर्त असतात, ते लोकांनी सर्रास धरायला सुरुवात केली. श्रावणात पत्रिका, भाद्रपद सरला की लगेच वराती. छापखाना मोकळा राहिला नाही आणि मास्तरांची खोलीही. आम्ही वाट पाहत राहिलो. तेवढ्यात चित्रकाराला देवगाव रंगारीला शाळेत चित्रकलेची नोकरी लागली, गायकानं वडिलांचं फरशांचं दुकान घेतलं आणि मी वाळूजच्या कारखान्यात हिशेबाच्या टेबलावर बसलो. तिघांच्याही लग्नात मास्तरांनी क्लॅरोनेट वाजवली, आणि तिन्ही वेळा वरात मध्येच थांबवून आमचं ते चार सुरांचं गाणं वाजवलं. माझ्या सासरच्यांना वाटलं की बँडवाला तर्र झालाय.

गेल्या डिसेंबरात पुतण्याच्या लग्नाच्या पत्रिका छापायला टाकायला औरंगपुऱ्यात गेलो होतो. बोळात पाहिलं तर मास्तरांच्या दुकानाची पाटी उतरवून भिंतीला टेकवलेली. मास्तर बाहेर खुर्चीत बसलेले. मिशा पांढऱ्या, पण तूप होतं.

"कोण? पेनवाला का?"

"व्हय मास्तर."

"ये, बस. ही खुर्ची तेवढी इकली नाय अजून."

जानेवारीअखेर दुकान रिकामं करून ते नाशिकला मुलाकडे जाणार होते. दम लागतो, आता वरातीपुढं चालवत नाही. कन्नड गावच्या एका बँडवाल्यानं ढोल, ट्रम्पेट, कोट सगळं घेतलं होतं. क्लॅरोनेट तेवढी राहिली होती. ती बघायला तो जानेवारीच्या शेवटच्या रविवारी येणार होता.

"ती पण देणार?"

मास्तर हसले. "ते मला काय इचारतो? ते तुमच्याकडं आहे. सहावं पुस्तक कधी काढता?"

"मास्तर, पंचवीस वर्षं झाली त्याला."

"मग? मी तेवढी वर्षं पुलाला लटकलोय. खांदा दुखायला लागला रे." आणि पुढं म्हणाले, "मी सोडली का नाय सोडली, ते एकदा कळू द्या. तिकडं सोडली असली तर इकडं पण देऊन टाकतो. पोरगा म्हणतो, फ्लॅटमध्ये वाजवायची नाय, शेजारी ओरडतात. मला ठरवता येईना झालंय."

गंमतीनं बोलत होते. पण त्यांनी डबीतून क्लॅरोनेट काढली, फडक्यानं पुसली आणि पुन्हा डबीत ठेवली, तेव्हा ते हसत नव्हते.

त्याच आठवड्यात मी गायकाला दुकानातून उठवला आणि मोटरसायकलवर देवगाव रंगारीला गेलो. चित्रकाराच्या बायकोनं चहा केला. चित्रकारानं सगळं ऐकून घेतलं आणि सरळ नाही म्हणाला. वीस वर्षांत त्यानं शाळेच्या फळ्यावरचे झेंडे आणि स्नेहसंमेलनाचे पडदे सोडून काही काढलं नव्हतं.

"मी काय काढू? पाडला तर म्हातारा क्लॅरोनेट विकून मोकळा होईल. वाचवला तर कसा वाचवू? एका हातानं लटकलेला माणूस. मी काढला तेव्हा मला तरी कुठं माहीत होतं पुढं काय ते!"

"पाड त्याला," गायक म्हणाला. "खलनायक आहे. पंचवीस वर्षं लटकला, पुष्कळ झालं."

"तू गाऊन पाड. तुझ्या आवाजानं पडेल."

"माझा आवाज अजून शाबूत आहे."

"फरशीला आवाज कळत नाही म्हणून शाबूत आहे."

त्याची बायको आतून म्हणाली, "अहो, चहा गार होतोय. भांडायचं तर भजी तळते."

भजी म्हटल्यावर मला एक दृश्य आठवलं. मास्तरांची वरात चालू आहे. नवरीकडच्यांनी रस्त्यात भजी आणलीत. बाकीचे वाजंत्री खायला थांबलेत. पण वरात थंड पडू नये म्हणून मास्तर क्लॅरोनेटचं टोक कमरेच्या पट्ट्यात खोचून एकाच हातानं वाजवतायत आणि दुसऱ्या हातानं भजी खातायत. तोंड कधी क्लॅरोनेटला, कधी भज्याला. आम्ही तिघं फूटपाथवर पोट धरून हसलो होतो. मी ते सांगितलं.

चित्रकार बशी हातात धरून तसाच बसला. "कुठल्या हातानं वाजवायचे?"

"डाव्या. उजव्यात भजं असायचं," गायक म्हणाला. "डावा हात वर असतो ना क्लॅरोनेटवर. वरची भोकं डाव्यानं."

"आणि एका हातात किती सूर निघतात?"

"थोडेच. तीन-चार."

आमचं गाणंच चार सुरांचं होतं.

चित्रकार उठला आणि कपाटाच्या वरून पाचवा अंक काढून आणला. शेवटचं पान उघडलं. उजवा हात पुलाला, डाव्यात क्लॅरोनेट. त्यानं ते कधी विचार करून काढलं नव्हतं, मास्तरांना पाहून पाहून हात तसाच गेला होता. तो बायकोला म्हणाला, "भजी तळच. आणि संमेलनाच्या पडद्यासाठी आणलेली काळी शाई कुठं ठेवलीय ती बघ."

तीन आठवड्यांत सोळा पानं झाली. शाळा सुटल्यावर काढायचा, रविवारी आम्ही जायचो. गायकानं संवाद लिहिले आणि स्वतःचे तेवढे जास्त लिहिले. मी पानं मोजली, चौकटी जुळतात का पाहिलं आणि दोनदा मास्तरांच्या कोटाची बटणं कमी भरली ती सांगितली. चित्रकाराचा हात पहिल्या चार पानांत जड होता. मला ते दिसत होतं, पण मी बोललो नाही. पाचव्या पानावर मिशा आल्या आणि तिथून तो मोकळा सुटला.

आता छापखान्यातल्या त्या रविवारी परत येतो. बाईंनी मुहूर्तांची अडचण सांगितल्यावर मी त्यांना कारण सांगितलं. मास्तर महिनाअखेर जाणार, क्लॅरोनेटचं गिऱ्हाईक शेवटच्या रविवारी येणार, त्याआधी अंक हवा. बाई लग्न होऊन या बोळात आल्या तेव्हा मास्तरांच्याच बँडनं त्यांना घरात आणलं होतं. त्यांनी थोडा विचार केला.

"तुमच्या पुतण्याच्या पत्रिका मशीनवर कधी चढायच्यात?"

"बावीस तारखेला म्हणालात."

"त्यांना एक दिवस थांबवलं तर चालेल का? वहिनी ओरडतील."

"ओरडू द्या."

"मग त्या दिवशी तुमचं पुस्तक घेते. कव्हरला पत्रिकेचाच उरलेला कागद लावते. कोयऱ्या येतील बरं का."

"आल्याच पाहिजेत," गायक म्हणाला.

वहिनी खरंच ओरडल्या. आमच्या घरात लग्नाच्या पत्रिकेआधी असलं काही छापलं गेल्याचं त्यांना अजून पटलेलं नाही.

शेवटच्या रविवारी सकाळी दहालाच आम्ही बोळात गेलो. दुकान मोकळं होतं. जिथं कोट टांगलेले असायचे तिथं भिंतीवर फिकट चौकोन उरले होते. मागच्या खोलीत पत्रे तेच, त्यातल्या भोकांतून उन्हाचे ठिपके फरशीवर पडलेले. ढोल नसल्यामुळं ती खोली मला पहिल्यांदाच मोठी वाटली. मास्तर खुर्चीत बसले होते आणि मांडीवर क्लॅरोनेटची डबी.

चित्रकारानं अंक दिला. मास्तरांनी आधी मागचं पान पाहिलं. "मामाच्या लग्नाला यायचं हं." मान हलवली. मग चष्मा लावून पहिल्या पानापासून सुरुवात केली.

त्यात काय आहे ते सांगतो. मास्तर लटकलेले आहेत. वरून आम्ही तिघं बघतोय. मी म्हणतो, "क्लॅरोनेट सोडा, हात द्या." मास्तर म्हणतात, "सोडणार नाय." हात सुटत चाललाय. मग ते क्लॅरोनेटचं टोक पट्ट्यात खोचतात आणि डाव्या हातानं वाजवायला लागतात. एका हातात जेवढे सूर मावतात तेवढेच, आणि ते सूर आमच्या गाण्याचे. ते ऐकून किल्ल्याच्या पायथ्याची एक वरात नाचत नाचत वर येते, पुलावर येते, आणि नवऱ्यामुलाच्या मामासकट सगळे मिळून त्यांना ओढून घेतात. शेवटच्या मोठ्या चौकटीत पुलावर सगळे नाचतायत, मध्यभागी मास्तर, क्लॅरोनेट दोन्ही हातांत, आणि बाजूला आम्ही तिघं त्यांना साथ करतोय. माझ्या खिशाला पेन आहे.

मास्तरांनी सावकाश वाचलं. एका पानावरून दोनदा मागं गेले. वाचून झाल्यावर अंक मिटला आणि पुन्हा उघडला.

"भजं कुठंय?"

चित्रकार म्हणाला, "उजव्या हातानं पूल धरला होता ना मास्तर."

"हां. मग बरोबर." त्यांनी शेवटच्या चौकटीवर बोट ठेवलं. "ह्याच्यात मला दम लागत नाय."

"नाही लागत."

"मिशा बऱ्या जमल्यात."

मग त्यांनी फोन काढला आणि आमच्यासमोरच कन्नडला लावला. "हां, मी बोलतोय. निघाला का? नाय, येऊ नको. ते क्लॅरोनेटचं राहू दे. ... नाय, भावाचं नाय, लई चांगला भाव दिला तू. राहू दे बस." फोन खिशात ठेवला आणि डबी कपड्यांच्या पिशवीत, पांघरुणाच्या घडीत सरकवली. "शेजारी ओरडले तर एका हातानं वाजवीन. निम्माच आवाज."

गायक म्हणाला, "मास्तर, एकदा आत्ता वाजवा की."

"आता? मुहूर्त आहेत, बोळात तीन लग्नांची गर्दी आहे. दुसऱ्याच्या वरातीत कशाला घुसू?" तेवढ्यात मुलगा गाडी घेऊन आला. मास्तरांनी खुर्ची छापखान्याच्या बाईंना द्यायला सांगितली, आणि गाडीत बसायच्या आधी विचारलं, "किंमत काय ह्या पुस्तकाची?"

कव्हरवर पाच रुपये छापलं होतं. खर्च प्रतीला सत्तावीस रुपये आला होता आणि ते मी छापायच्या आधी दोघांना सांगितलं होतं. चित्रकार ऐकला नव्हता.

छापखान्याचे पाच हजार चारशे बाईंना दिले, तिघांनी अठराशे-अठराशे. मास्तरांनी पाच रुपये चित्रकाराला दिले.